‘नुसतं चालवतात आणि पैसे घेतात’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या फिजिओथेरपी केंद्राबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. आधी एक सांगून ठेवते. रुग्णाची फाईल आम्ही चारचौघांत उघडत नाही, म्हणून वडिलांबद्दल तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढंच धरून बोलते. फोनवरही बोलता आलं असतं, पण मिरजेला उपचाराला येणारी बरीच मंडळी, अगदी कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचीही, आधी अभिप्राय वाचून मग येतात. तुमच्या मनात आलेल्या शंका त्यांच्याही मनात असणार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लूचा न्यूमोनिया होऊन वडील ऑक्सिजनवर होते. घरी आल्यावर डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. आम्ही ‘एकही मशीन न लावता’ त्यांना पॅसेजमधून चालवलं, आमच्याकडे काम करणारी मुलगी लांब स्टॉपवॉच घेऊन ‘नुसती उभी होती’, तीच टेस्ट दोनदा घेतली, खुर्चीवरून उठबस करायला लावली, हॉस्पिटलने दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र कमी करायला सांगितलं, दुसऱ्या खेपेला सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८७ टक्के झाल्यावर व्यायाम मध्येच थांबवला आणि तरी ४०० रुपये घेतले. शिवाय नवीन सिटी स्कॅनमध्ये डाग आहेतच, आणि हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं.

पॅसेजपासून सुरुवात करते. तो ३० मीटरचा आहे, दोन्ही टोकांना नारिंगी कोन आहेत आणि जमिनीवर दर तीन मीटरला पट्टी मारलेली आहे. तिथे होते ती सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिची पद्धत ठरवून दिली, आणि जगभर ती जवळपास तशीच घेतली जाते. रुग्णाने आपल्या चालीने सहा मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं. दम लागला तर थांबावं, भिंतीला टेकावं, पण घड्याळ थांबत नाही. आमची मुलगी शेजारून चालत नाही, कारण शेजारी कुणी असलं की माणूस नकळत त्याच्या चालीने चालायला लागतो आणि चाचणी वाया जाते. दर मिनिटाला ती ठरलेलं वाक्यच बोलते. जास्त ‘चला चला, शाब्बास’ केलं तरी आकडा फुगतो. ती उभी होती हे खरं आहे, पण त्या वेळी तिचं कामच ते असतं.

दोनदा का? पहिल्या वेळी कोनाला वळसा कसा घालायचा, सुरुवातीलाच किती जोर लावायचा, याचा अंदाज नसतो. दुसऱ्या खेपेला बहुतेकांचं अंतर केवळ सरावानेच वाढतं. पहिलाच आकडा धरला असता तर महिन्याने आम्ही ‘बघा, किती सुधारणा’ म्हणून तुमच्याकडून कौतुक करून घेतलं असतं. दुसऱ्या चाचणीचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही, पावतीवर पाहा.

त्या आकड्यावरूनच पुढच्या व्यायामाचा डोस ठरतो. उदाहरण देते, हे तुमच्या वडिलांचं नाही. एखाद्याने सहा मिनिटांत ३०० मीटर कापले, म्हणजे मिनिटाला ५०. त्याच्या ८० टक्के, म्हणजे मिनिटाला ४० मीटर या चालीने त्याला दहा मिनिटं चालवायचं, मग हळूहळू वेळ वाढवायची. जुन्या फुप्फुसविकारांच्या रुग्णांत साधारण ३० मीटरची वाढ ही खरी सुधारणा मानतात, आमचंही लक्ष त्यावरच असतं. घरी गच्चीवर फेऱ्या मारल्या तर चालणं होतं. पण किती, कोणत्या चालीने आणि कुठे थांबायचं, हे कोण ठरवणार?

आता उठबस. दम लागतो म्हणजे फुप्फुसंच कमजोर, असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच रुग्णांची खरी अडचण मांडीत असते. लंडनमध्ये आयसीयूतल्या गंभीर रुग्णांवर झालेला २०१३ चा एक अभ्यास आहे. पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढच्या स्नायूचं आकारमान सरासरी १७-१८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्यात स्टेरॉइड चालू असतील तर आणखी भर. असा मऊ पडलेला स्नायू थोडं चाललं की लगेच थकतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला माणूस भराभर श्वास घ्यायला लागतो. घरच्यांना दिसते फक्त धाप. म्हणून खुर्ची, म्हणून तो मांडीला बांधायचा रबरी पट्टा. यात मिरवण्यासारखं मशीन नाही, हे मान्य. ट्रेडमिल आतल्या खोलीत आहे, पण ज्याला खुर्चीवरून हात न टेकता उठता येत नाही त्याला मी तिच्यावर चढवत नाही.

तीन गोळ्यांच्या यंत्राबद्दल सविस्तर लिहिते, कारण ते घरोघरी आहे. बहुतेक जण त्यात फुंकर मारतात. ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा सावकाश आत ओढायची असते. गोळ्यांखाली ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. तेवढे मिलिलिटर हवा सेकंदाला ओढली तर ती गोळी वर जाते. नातवंडांसमोर तिन्ही गोळ्या टक्कन वर उडवणं म्हणजे व्यायाम नव्हे. पहिली-दुसरी गोळी वर धरून ठेवता आली तर श्वास खोल गेला असं समजावं. पलंगावर पडून असलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे. पण दिवसभर ते ओढत बसलं तर चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात आणि मांडीला काडीचा फायदा होत नाही. आम्ही ‘बंद करा’ म्हणत नाही. ‘ठरलेल्या वेळी, थोडं, आणि बाकी वेळ चाला’ असं सांगतो, तसं छापील कागदावरही दिलेलं असतं.

सॅच्युरेशन ८७ झालं तेव्हा व्यायाम थांबवला, हा तुमचा सगळ्यात मोठा राग दिसतो. त्याबद्दल मी इंचभरही मागे सरकणार नाही. बसल्या जागी ९६ असलेला माणूस चालायला लागला की ८८ च्या खाली उतरू शकतो. हे घरी कळत नाही, कारण घरी आपण मशीन बोटाला लावतो ते सोफ्यावर बसूनच. बरं, चेहऱ्यावरही कळत नाही. आमच्याकडे भिंतीवर शून्य ते दहाचा धाप मोजायचा तक्ता आहे, आणि उतारवयातली पुरुषमंडळी सात-आठ असताना ‘काय नाय, बरं हाय’ म्हणत तीनवर बोट ठेवतात. दम लागला असं म्हणायला त्यांना कमीपणा वाटतो. म्हणून माणसाचं ऐकतो, पण बोटावरचा आकडाही बघतो. ८७ दिसलं की खुर्चीत बसवून पुढे झुकवायचं, कोपरे मांडीवर, नाकाने श्वास आत आणि ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. आकडा किती वेळात वर आला ते लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. चालताना ऑक्सिजन द्यायचा का, फुप्फुसात रक्ताची गुठळी वगैरे काही आहे का, हे त्यांनी बघायचं असतं. त्या दिवसाचे ४०० रुपये याच कामाचे होते.

कोविडनंतर काही रुग्ण असेही भेटले की व्यायाम करताना ठणठणीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवे. अशांना रेटून चालवलं तर नुकसानच होतं, तिथे व्यायाम वाढवायचा नसतो, शक्ती राखून वापरायला शिकवायचं असतं. ‘रोज तेच प्रश्न विचारून फॉर्म भरून घेतात’ असं तुम्ही लिहिलंय. ते प्रश्न ‘काल घरी गेल्यावर कसं वाटलं, आज सकाळी उठताना कसं होतं’ असे असतात, आणि ते यासाठीच.

स्कॅनवरचे डाग पुसण्याचा दावा आम्ही कधीच केलेला नाही. न्यूमोनियानंतर उतारवयात एक्स-रे साफ व्हायलाही दोन-तीन महिने लागू शकतात, आणि डाग तसेच असताना माणूस जिना चढायला लागलेला आम्ही नेहमी बघतो. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली, ही मुदतही आमच्या मनची नाही. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा सर्वसाधारण प्रघातच तो आहे. लांबून येणं नको वाटत असेल तर पुढचे व्यायाम घरी आणि मध्ये एखादी तपासणी, असंही करता येतं.

यूट्यूबबद्दल भांडण नाही. सावकाश अनुलोम-विलोम खुशाल करावं. मात्र चालताना ऑक्सिजन उतरत असेल तोवर कपालभाती आणि श्वास कोंडून धरण्याचे प्रकार नकोत, व्हिडिओत समोरचा माणूस कितीही उत्साहात सांगत असला तरी.

रिसेप्शनवर तुम्हाला ‘बाहेर थांबा’ सांगितलं, कारण पॅसेजमध्ये चाचणी चालू होती. नातेवाईक समोर असले की रुग्ण त्यांच्याकडे बघून जोर लावतो.

पुढचं बघू. भरलेल्यांपैकी न वापरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतात, त्याला कारण विचारत नाही. मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरच्या खर्चाची तरतूद बऱ्याच पॉलिसींत असते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आमची बिलं जोडून विचारून पाहा. दोन्ही चाचण्यांचे आकडे आणि त्या ८७ ची नोंद असलेला कागद तयार आहे. वडील स्वतः किंवा त्यांची सही घेऊन तुम्ही, सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते एक या वेळेत न्या. दुसऱ्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडे गेलात तरी तो उपयोगी पडेल. पण ८७ चं कारण डॉक्टरांनी अजून तपासलं नसेल, तर व्यायाम कुठे करायचा हे ठरवण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकाच पायाला सूज आली, तर आमची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

— संचालिका व फिजिओथेरपिस्ट