विमानाच्या तिकिटाचं गणित आणि एक मागणी

मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त पडतं, ब्राउझरची हिस्टरी पुसली की भाव उतरतो, असले मेसेज घरच्या ग्रुपवर सारखे फिरत असतात. त्यात वेळ घालवू नका. तिकीट कुठल्या वारी काढता याने फारसा फरक पडत नाही, प्रवास कुठल्या वारी करता याने पडतो. विमानातल्या एकसारख्या जागासुद्धा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. तुम्ही चौघांचं तिकीट एकदम शोधलंत आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याचदा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लागतो. म्हणून आधी एकाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा. मात्र लहान मुलाचं तिकीट आईच्या किंवा बाबांच्या पीएनआरवरच, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांजवळ जागा द्या, असं विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय, पण ते एकाच पीएनआरवर असतील तर.

खरी बचत तारखेत आहे. आपल्याकडे आधी रजा, मग हॉटेल आणि शेवटी तिकीट. हे उलटं करा. गूगल फ्लाइट्सवर महिन्याचं कॅलेंडर उघडलं की तारखेखाली भाव दिसतो, तो बघून रजेचा अर्ज टाका. गोव्याला जाणाऱ्यांनी दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ तपासावेत, मुंबईकरांनी डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचाही. पण टॅक्सी धरून हिशेब करा. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, मुक्काम दक्षिण टोकाच्या काणकोणला असेल तर मोपाच्या तिकिटात वाचलेले पैसे रस्त्यातच संपतील.

पैसे भरण्याच्या पानावर डोळे उघडे ठेवा. विम्यावर आधीच टिक केलेली असेल तर ती काढा. गिऱ्हाइकाला न विचारता बिलात काही घुसवायला केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे वेबसाइटवरच्या फसव्या युक्त्यांविषयीच्या नियमांत मनाई आहे. सीट पैसे देऊन निवडायची नसेल तर पुढे जायचं बटण असतं, बारीक अक्षरात. आणि तिकीट रद्द करावं लागलं तर, मूळ भाडं बुडालं तरी, सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, अगदी नॉन-रिफंडेबल तिकिटावरसुद्धा. मागून घ्या!

पण हे सगळं कोणासाठी? ज्याच्या हातात वेळ आहे त्याच्यासाठी. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाची आई नागपुरात आयसीयूत असेल तर त्याने कॅलेंडर घेऊन काय करायचं? त्याला आज रात्रीचं विमान हवंय आणि त्याच्यासाठी सगळ्यात महाग गटच उरलेला असतो. ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याच्याकडून सर्वांत जास्त पैसे. हे मला अजिबात पटत नाही.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी संपली, खासगी कंपन्या आल्या, स्पर्धेमुळे आपल्यासारखे लोक विमानात बसू लागले, हे मी मान्य करते. पण डिसेंबर २०२५ मध्ये शेकडो उड्डाणं रद्द होऊन भाव गगनाला भिडले, तेव्हा सरकारने कर वगळून कमाल भाडं ठरवून दिलंच ना? ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००. म्हणजे मुंबई-नागपूरला १२,०००. कोविडच्या काळातही मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत मर्यादा होत्या. तेव्हा करता येत नाही असं कोणी सांगू नये.

माझी मागणी एवढीच आहे: निघण्याआधीच्या शेवटच्या तीन दिवसांतल्या तिकिटांवर अशी मर्यादा कायमची ठेवा. कंपन्या तोट्याचं कारण पुढे करतील, तर राज्यांनी विमानाच्या इंधनावरचा व्हॅट उतरवावा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई-पुण्यासाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला होता. आणि ही सवलत देताना हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला मागू नका. त्या रात्री धावत सुटलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.