‘सीजीजी-सीजीजी’मुळे काय सिद्ध होतं?

नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कोरोनाचा एक जुना संदेश पुन्हा फिरतो आहे: विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाच्या जनुकात ‘सीजीजी’ हा कोडॉन (आरएनएच्या ए, यू, सी, जी या अक्षरांपैकी तिघांचा, एक अमिनो आम्ल सांगणारा शब्द) लागोपाठ दोनदा येतो, तो मानवी पेशींचा आवडता, म्हणून विषाणू माणसासाठीच प्रयोगशाळेत घडवला. विषाणू कुठून आला याचा शोध जरूर व्हावा. पण हा पुरावा टिकत नाही.

‘सीजीजी माणसाचा आवडता.’ सीजीजी म्हणजे आर्जिनिन. प्रथिनाचा घटक असलेलं हे अमिनो आम्ल सहा कोडॉनांनी लिहिता येतं. मानवी जनुकांत त्यांपैकी सीजीजीचा वाटा सुमारे २० टक्के. एजीए आणि एजीजीचाही जवळपास तेवढाच.

‘कोरोना विषाणूंत तो नसतोच.’ कमी असतो, पण असतो. आर्जिनिनच्या कोडॉनांपैकी या विषाणूत सुमारे ३ टक्के, जुन्या सार्सच्या विषाणूत ५ टक्के.

‘शास्त्रज्ञाने मुद्दाम घातला.’ मानवी पेशींसाठी जनुक सुधारणारे अख्खं जनुक नव्याने लिहितात. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत तसंच केलं आहे. इथे १२७३ अमिनो आम्लांच्या स्पाइकमधले दोनच कोडॉन दाखवले जातात.

‘माणसात रुळलेला विषाणू माणसाचेच कोडॉन वापरतो.’ सगळ्यात मोठी गफलत ही. सर्दी देणारे एनएल६३ आणि एचकेयू१ माणसांत पसरत आले आहेत, तरी त्यांच्या जनुकांत ए आणि यूचीच गर्दी आहे. शिवाय सीजीजीत सीला लागून जी येतो. विषाणूच्या आरएनएत अशी जोडी दिसली की आपल्या पेशीतलं झॅप नावाचं प्रथिन ती पकडतं आणि तो आरएनए नष्ट करवतं. १९१८ च्या फ्लूच्या वंशजांत माणसांत राहून या जोड्या कमी होत गेल्या. म्हणजे सीजीजी विषाणूला उलट महागात पडू शकतो.

आणि डेल्टा बघा. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात एका खाटेसाठी माणसं वणवण फिरली, ती या लाटेत. डेल्टाच्या स्पाइकमध्ये ६८१ व्या जागी प्रोलिनऐवजी आर्जिनिन आलं आणि आपल्या पेशीतल्या फ्युरिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराला स्पाइक तिथे कापणं सोपं झालं; असं कापलेलं स्पाइक विषाणूला पेशीत शिरायला मदत करतं. फरक पडला तो अमिनो आम्लामुळे. कोडॉन म्हणाल तर सीसीयूचा सीजीयू झाला, आणि आर्जिनिनच्या सहा कोडॉनांत मानवी जनुकं सगळ्यात कमी वापरतात तो हाच.