कौल दोन वर्षांचा, खुर्ची पाच वर्षांची?

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया राज्याचं नाव आपल्याकडे निघालं तर तिहुआना, ड्रग्ज आणि अमेरिकेच्या सीमेवरची भिंत, एवढ्यावरच बोलणं संपतं. पण 2019 साली तिथे गव्हर्नरच्या मुदतीवरून जे झालं, ते मत देणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तिथला गव्हर्नर थेट लोकांमधून निवडून येतो. मुदत एरवी सहा वर्षं. एकदा निवडून आलेल्या माणसाला त्या पदावर पुन्हा कधीच येता येत नाही, हंगामी म्हणूनसुद्धा नाही. या नियमासाठी त्या देशात रक्त सांडलंय. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास तीसेक वर्षं सत्ता सोडायला तयार नव्हते. 1910 मध्ये फ्रान्सिस्को मादेरो 'खरं मतदान, फेरनिवड नाही' ही मागणी घेऊन त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पुढे क्रांती पेटली. नंतर कित्येक दशकं सरकारी पत्रांच्या शेवटी, सहीपाशी, हीच घोषणा लिहिलेली असायची.

माणसं बदलत राहिली, पक्ष मात्र एकच राहिला. बाहा कॅलिफोर्नियाला 1952 मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. तेव्हापासून प्रत्येक गव्हर्नर 'प्री' या सत्ताधारी पक्षाचा. हे 1989 पर्यंत चाललं. त्या वर्षी एन्सेनादाचे महापौर एर्नेस्तो रुफ्फो आपेल 'पॅन' या विरोधी पक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. प्रीचे राष्ट्रीय अध्यक्ष लुइस दोनाल्दो कोलोसिओ यांनी पराभव मान्य केला. प्रीच्या साठ वर्षांच्या सत्तेत एखाद्या राज्याचा गव्हर्नर विरोधी पक्षाचा होण्याची ही पहिलीच वेळ. (याच कोलोसिओंची 1994 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना, तिहुआनातच गोळ्या घालून हत्या झाली. वाचताना आजही सुन्न व्हायला होतं.) रुफ्फोंच्या काळात या राज्याने फोटो असलेलं मतदार ओळखपत्र आणलं, देशात सगळ्यांच्या आधी.

पुढची तीस वर्षं पॅनची. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रुफ्फोंनंतर आलेले एक्तोर तेरान 1998 मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी गोन्सालेस अल्कोसेर आले, तेरानांची उरलेली मुदत त्यांनी पुरी केली आणि 2001 मध्ये ते पायउतार झाले. मृत्यूने घडी विस्कटली तरी मुदतीला कोणी हात लावला नाही.

मग आलं 2019. राज्याची निवडणूक देशाच्या 2021 च्या निवडणुकीसोबत घेता यावी म्हणून या एका वेळेपुरती गव्हर्नरची मुदत दोनच वर्षं ठेवायची, हे 2014 मध्येच ठरलं होतं. मतदानाआधी यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या आणि केंद्रीय निवडणूक न्यायाधिकरणाने दोन वर्षंच कायम ठेवली. 2 जूनला मतदान झालं. जेमतेम तीस टक्के लोक बाहेर पडले. 'मोरेना' या पक्षाचे हाइमे बोनिया सुमारे निम्मी मतं घेऊन सहज निवडून आले.

आणि 8 जुलैला राज्याच्या विधिमंडळाने ही मुदत दोनाची पाच वर्षं करून टाकली. मतदान गुप्त, चिठ्ठ्या टाकून. 25 पैकी 21 मतं बाजूने. त्या सभागृहात बहुमत कोणाचं होतं? पॅनचं! ज्या पक्षाने 1989 मध्ये लोकांना मताची किंमत दाखवून दिली, त्याच पक्षाच्या आमदारांनी विरोधी पक्षाच्या भावी गव्हर्नरला, त्याने शपथ घेण्याआधीच, आणखी तीन वर्षं बहाल केली. पक्षाने त्यांच्यावर हकालपट्टीची कारवाई सुरू केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बोनियांपेक्षा मला या 21 जणांचा राग जास्त येतो. खुर्चीवरच्या माणसाला खुर्ची हवीच असते. त्याला अडवायला ज्यांना पाठवलं, त्यांनीच दार उघडून दिलं.

समर्थक म्हणत होते, दोन वर्षांत कामं कशी होणार, लगेच पुन्हा निवडणुकीचा खर्च कशाला. मुद्दा खोटा नाही. दोन वर्षं कमीच आहेत. पण मग हे मतदानाआधी बोलायचं होतं, लोकांना पाच वर्षांसाठी कौल मागायचा होता. लोकांनी दोन वर्षांसाठी दिलेलं मत नंतर परस्पर पाच वर्षांचं करणं ही चोरीच. मग तो माणूस कितीही लोकप्रिय असो.

11 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मुदतवाढ एकमताने रद्द केली. अकराच्या अकरा न्यायाधीश एका बाजूला. सरन्यायाधीश आर्तुरो साल्दीवार यांनी याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. 2021 मध्ये ठरल्याप्रमाणे निवडणूक झाली, मोरेनाच्याच मारिना देल पिलार आविला जिंकल्या आणि 1 नोव्हेंबरला राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून त्यांनी शपथ घेतली. म्हणजे मुदतवाढ नसतानाही सत्ता त्याच पक्षाकडे राहिली, फक्त या वेळी रीतसर, लोकांना विचारून.

शेवट चांगला झाला म्हणून मी निर्धास्त नाही. विधिमंडळातल्या मतदानापासून निकालापर्यंत दहा महिने गेले. त्यातले सहा महिने बोनिया खुर्चीत बसून पाच वर्षांच्या हिशोबाने कारभार करत होते. निकाल आणखी वर्षभर रेंगाळला असता, तर 2021 च्या मतदानाला गव्हर्नरपदाची मतपत्रिका छापली गेली असती का? अशा खटल्यांना न्यायालयाने तारखेची मुदत घालून घ्यायला हवी, आणि ती निवडणुकीची तयारी सुरू होण्याच्या आतली हवी.