मूळ विचारणाऱ्यांना

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय 29 जून 2025 ला सरकारला मागे घ्यावा लागला, तेव्हा इस्राएलमधल्या दिमोनात, जिथं मी राहते, मी मोरोक्कोच्या शेजारणीला गोड पोहे खाऊ घातले होते. इतका आनंद झाला होता. पण वाद तिथं थांबला नाही. भाच्याच्या लग्नासाठी अलिबागला आले, तर मेंदीच्या रात्री तोच विषय वेगळ्या वळणावर गेलेला: खरा मराठी कोण, मूळ कोणाचं इथलं. मी मधे बोलले तर नवऱ्या मुलाचा एक मित्र म्हणाला, "आत्या, तुम्ही देश सोडून गेलात. आता मराठीचं आम्ही बघून घेऊ."

राग आला, अजून आहे.

माझं माहेर झिराडकर. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, नवगावकर... अर्धा रायगड जिल्हा आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, आडनावांत आहे. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शबाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणानं त्यांना शनवार तेली म्हटलं. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तिथल्या कब्रस्तानात मी या वेळी पुन्हा जाऊन आले. यापेक्षा जुनं मूळ कोणाला दाखवायचं असेल तर दाखवावं.

आणि मूळ दाखवा म्हणणाऱ्यांना आम्ही चांगले ओळखतो. 1962 साली इस्राएलमध्ये रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कचेरीनं फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न बाहेरच्यांशी लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, त्याही मागची वंशावळ तपासायची. लग्नाच्या दारात पणजीचा पुरावा! आमची माणसं गप्प बसली नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला, तिथल्या संसदेला, जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल इतर यहुद्यांच्या बरोबरीचेच आहेत. त्या समाजातल्या बाईला अलिबागेत कोणी मराठीपणाचा दाखला मागावा?

इस्राएलला गेल्यावर उल्पानमध्ये, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या हिब्रूच्या वर्गात, मला कोणी आजी विचारली नाही. वहीपेन्सिल दिली आणि हिब्रू शिकवली. भाषा टिकवायची तर अशी, शिकवून. आपल्याकडे पाट्यांवरून रान पेटतं, मात्र नव्यानं आलेल्याला मराठी शिकवणारा वर्ग गल्लोगल्ली दिसत नाही. त्या रात्री मराठीसाठी तावातावानं बोलणारे तरुण आपल्या लेकरांना "कम हियर, सिट डाउन" म्हणत होते. तिकडे इस्राएलमध्ये 1985 पासून 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक निघालं, वाळवंटातल्या गावांत बसून लोकांनी मराठीत लिहिलं. देश सोडला म्हणून भाषा सोडली, असं कुणी कसं म्हणतं?

लग्न इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये लागलं. मिन्यानचे, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष पुरे व्हावेत म्हणून ठाण्याहून नातलग बोलावले होते. पांढऱ्या साडीतली नवरी आत येताना भाच्यानं गाणं म्हटलं, हिब्रू शब्द आणि चाल आपल्या कोकणची. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मालिदा झाला: पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. माझा मुलगा मिलुइममधून, म्हणजे राखीव सैनिकाच्या कामातून, सुटून थेट विमानात बसला होता. त्यानं दोनदा मालिदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी झिराडला गेलो. आमचं घर नेमकं कुठं होतं ते सांगणारं कोणी भेटलं नाही. जिथं तिथं मुंबईकरांचे बंगले, उंच कुंपणं आणि फाटकावर रखवालदार. त्या जमिनी आम्ही दिमोनातून विकल्या नाहीत. मूळ इतकं जपायचं होतं तर ते गुंठ्यावर का गेलं, याचं उत्तर त्या मित्राकडून मला हवं आहे.

आता परत या म्हणाल तर मी येणार नाही. नातवंडं तिकडे, पेन्शन तिकडे, गुडघ्याचा डॉक्टरही कुपात होलिमचा, तिथल्या आरोग्य निधीचा. तिकडे चाळीशी ओलांडलेली माणसं मला अजून होदीत, म्हणजे भारतातली बाई, म्हणतात आणि इकडे मी झाले इस्राएलची आत्या. पण क्नेसेटच्या निवडणुकीवर घरात भांडण पेटलं की मी उठून भांडी घासायला जाते. मुंबईत एखादी मराठी शाळा बंद झाल्याची बातमी वाचली की मला रात्रभर झोप लागत नाही, सकाळी मी भावाला फोन करून भांडते. हे भांडण मी चालूच ठेवणार आहे.