तोंडावर लाल दिवा

बाईचं वय झालं हे सगळ्यात आधी कोणाला कळते, तर तिच्या मोबाईलला. नवऱ्याला नाही, सासूला नाही, शेजारच्या काकूंना तर बिलकुलच नाही कारण त्यांचा चष्मा नेहमी फ्रीजवर राहते. मागच्या दिवाळीपर्यंत मला कुकरच्या आणि कुर्त्यांच्या जाहिराती येत होत्या, सगळं सुखात चालू होतं. मग एका रात्री मी "डोळ्याच्या बाजूच्या रेषा कशाने जातात" एवढं सर्च काय केलं, तेव्हापासून जी उठते ती मला तोंडावर काहीतरी घासून दाखवून राहिली. कोणी हिरव्या दगडाचा रोलर, कोणी बारीक सुयांचा रोलर, कोणी करंट, कोणी गरम पट्टी, कोणी लाल दिवे लागलेला अख्खा मुखवटा. तीनशे रुपयांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत, जशी ज्याची ऐपत आणि जशा ज्याच्या सुरकुत्या. आणि घासून दाखवणारी पोरगी असते पंचविशीची. तिच्या तोंडावर आहेच काय, जे ती घालवून राहिली?

मी मात्र काही घेतलं नव्हतं हे आधीच सांगते. मुखवटा आला तो आमच्या कन्येकडून. ती बंगलोरला नोकरीला आहे, पहिला बोनस मिळाला, आईला साडी घ्यावी, निदान मिक्सर घ्यावा, तर हिने पाठवला एलईडी मास्क. वर चिठ्ठी, "आई, स्वतःकडे लक्ष दे." म्हणजे लेकीनेही बघितल्या होत्या रेषा.

मास्क म्हणजे पांढऱ्या सिलिकॉनचं तोंड, डोळ्याला भोकं, नाकाला उंचवटा, मागून पट्टा, खाली वायर आणि वायरला एक छोटं बटनवालं यंत्र. आतल्या बाजूला दिव्यांचे टिपकेच टिपके. डब्यावर लिहिलेलं लाल ६३३ नॅनोमीटर, इन्फ्रारेड म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड ८३० नॅनोमीटर (हे म्हणे उजेडाच्या लहरीचं माप), रोज १० मिनिटं, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. आमच्या ह्यांनी डबा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वाचला, जसं काही त्यांनाच लावायचा होता, आणि म्हणाले, "मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा २०१७ मध्ये काढला ना सरकारने, तोच माल इकडे वळवला वाटते." स्वतःच हसले. मग म्हणाले, "ठेव माळ्यावर, गादीच्या बाजूला."

गादीचं सांगायला पाहिजे. माळ्यावर एक मॅग्नेटची गादी आहे, ती आम्हाला माझ्या जिजाजींनी दिली. दिली म्हणजे विकली. गुडघे, बीपी, शुगर, झोप, सगळं त्या गादीने जाणार होतं आणि वरून आपल्याखाली दोन मेंबर जोडले की पैसेही येणार होते. सोफा आला असता त्या किमतीत. गुडघे तिथेच आहेत, मेंबर कोणी जुडला नाही, आणि जिजाजी आजही आले की विचारतात, "गादी वापरून राहिले ना?" आम्ही हो म्हणतो. नात्यातला माणूस आहे, काय करता.

तर मास्क माळ्यावर न टाकता मी वापरायचं ठरवलं, पण आधी वाचलं. आणि वाचल्यावर थोडी पंचाईतच झाली, कारण हे पूर्ण थोतांड निघालं नाही. थोतांड असलं की बरं असते, माणूस दोन शिव्या देतो आणि मोकळा होतो. लाल प्रकाश खरंच चामडीच्या आत एक-दोन मिलिमीटर जाते, इन्फ्रारेड अजून खोल जाते, तिथल्या पेशींमधलं जे ऊर्जा बनवायचं खातं आहे ते जरा जास्त काम करायला लागते आणि चामडी घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन थोडं वाढते असं म्हणतात. बारीक रेषा कमी झाल्याचे काही अभ्यास आहेत पण छोटे छोटे, आणि बऱ्याच ठिकाणी पैसा मशीनवाल्यांचाच. क्लिनिकमधल्या दिव्यात जो दम असतो तो घरच्या मास्कमध्ये साधारण नसतो. डब्यावर तो अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिकडच्या औषध खात्याचा, शिक्का दिसला की आपण खुश होतो, पण अशा मशीनसाठी तो बहुतेक वेळा एवढंच सांगतो की हे आधीच्या एखाद्या मान्य मशीनसारखंच आहे. तुमच्या कपाळावरची आठी जाईल याची गॅरंटी त्यात नाही. थोडक्यात काय, थोडासा फायदा आहे, हळूहळू आहे, आणि न चुकता केलं तर आहे.

न चुकता. मे महिना, नागपूर, भरलं घर, आणि १० मिनिटं न चुकता.

मी दुपारी कूलरच्या खोलीत पडायची. मास्क लावला की दोन मिनिटात सासूबाई. "काऊन वं, तोंडाले काय लावून पडली? भाजून-बिजून घेशील." मी आतून म्हणायची, आई, हे भाजत नाही, थंडं असते. "मग डोळे? माह्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टर म्हणे उजेडाकडे पाहू नका, आन् तू दिवेच बांधून बसली." आता यावर मी हसली असती, पण २०१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने आपला असाच दिव्यांचा मास्क डोळ्यांच्या काळजीनेच बाजारातून परत घेतला होता, ज्यांना डोळ्यांचा आजार आहे किंवा उजेड सहन न होणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांना धोका नको म्हणून. त्यामुळे मी गपचूप डोळे घट्ट मिटले. सासूबाई न वाचताच बरोबर असतात, हा आमच्या घरातला जुना त्रास आहे.

सासूबाई गेल्या की सिलिंडरवाला. सिलिंडरवाला गेला की भांडेवाल्या मावशी, त्या पहिल्या दिवशी दारातूनच "अवो माय" म्हणून परत फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आल्या, दाखवायला. आणि एक दिवस तर कूलरचं पाणीच संपलं. नागपूरकरांना सांगायला नको, मेमध्ये कूलर कोरडा पडला की तो नुसती गरम हवा फेकते आणि खसचा जळका वास येते. नळ जायची वेळ झालेली, अजून पाच मिनिटं मास्क बाकी, मधात बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी तशीच उठली, मास्क लावलेलाच, मागच्या अंगणात गेली, पाईप जोडला आणि खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी सोडत उभी राहिली. कम्पाउंडच्या पलीकडे काकू पापड वाळत घालून राहिल्या होत्या. चष्मा अर्थातच फ्रीजवर. बराच वेळ बघून म्हणाल्या, "काय हो दादा, कूलरचा स्टँड तुटला का? वेल्डिंग झालं की आमचंही गेट पाहून घ्या." मी मान हलवली. काय बोलणार होती.

माझी जाऊबाई करंटवाली आहे. तिच्याकडे दोन गोळ्यांचं यंत्र आहे, गालावरून वर वर फिरवायचं, त्यातून इतका बारीक करंट जाते की जाणवतही नाही, आणि स्नायू म्हणे आवळतात. त्याला जेल लागते, बिना जेलचं फिरवलं की टोचते, आणि ते जेल संपलं की मशीनपेक्षा जेलचाच खर्च जास्त होतो हे तिला उशिरा कळलं. फरक पडते का? पडते म्हणे, थोडा वेळ. लग्नाला जायच्या आधी करायचं, वरातीपर्यंत टिकलं तर नशीब. एकदा तिने मुद्दाम अर्धाच चेहरा केला आणि घरातल्या सगळ्यांना विचारलं, सांगा कोणती बाजू. सगळ्यांनी एकमताने दुसरी सांगितली. त्या दिवशीचा स्वयंपाक आम्ही बाहेरून मागवला. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करंट प्रकरण करू नये असं तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे, आमच्या घरात दोन्ही नाहीत, पण सासूबाई तेव्हापासून ते यंत्र उचलतही नाहीत, चिमट्याने सरकवतात.

मला गालावर वांग आहेत म्हणून मी रामदासपेठेत एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत मास्कचा फोटो नेला, त्यांनी बघितला, हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या वापरा, वांगाकडे लक्ष ठेवा, पण चेहरा गरम करणारं कुठलं मशीन घरी लावू नका, आपल्या गव्हाळ चामडीवर उष्णतेने डाग वाढतात. सुयांचा रोलर तर अजिबातच नको, घरात तो निर्जंतुक कोण करते? मग विचारलं, सनस्क्रीन लावता का? मी म्हटलं, लग्नाला जाताना. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी मग ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावचं सांगितलं. तिथे नऊशेच्या वर माणसं घेतली, अर्ध्यांना सांगितलं रोज सनस्क्रीन लावा, बाकीच्यांना म्हटलं लावा तुमच्या मर्जीने, साडेचार वर्षं, आणि हाताच्या पाठीचे साचे काढून बघितलं कोणाची चामडी किती जुनी झाली. रोजवाल्यांची चामडी २४ टक्के कमी म्हातारी झाली. २०१३ मध्ये हे छापून आलं. आणि त्याच २०१३ च्या २३ मेला आमच्या नागपुरात ४७.९ डिग्री होतं, आणि मी बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, परकर घ्यायला गेली होती. उघड्या तोंडाने. (२०२४ मध्ये रामदासपेठेतल्या एका सेन्सरने ५६ दाखवलं होतं, सगळ्या देशात बातमी झाली, मग हवामान खातं म्हणालं सेन्सरच बिघडला. आमच्याकडे मशीनलाही ऊन लागते.)

म्हणजे बघा, शंकरनगर चौकात सिग्नलच्या हिरव्या जाळीखाली ज्या कॉलेजच्या पोरी उभ्या असतात, स्कार्फ असा गुंडाळलेला की सख्ख्या बापाला ओळखू येऊ नये, वरून गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, आणि ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं चंबळच्या डाकू म्हणत आलो, त्या शंभर रुपयाच्या स्कार्फमध्ये जे करून राहिल्या त्याचं मशीन अजून निघालं नाही. मास्क फार तर झालेलं थोडं उलटवते, त्या होऊच देत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी रात्री लावायला एक ट्रेटिनॉइनची क्रीम लिहून दिली, ती उन्हाने खराब झालेल्या चामडीसाठी अमेरिकेत १९९५ पासून मान्य आहे आणि माझ्या लेकीच्या बोनसच्या मानाने फुकट आहे. पहिले काही दिवस तोंडाचे पोपडे निघाले ते वेगळं.

त्यांनी एक फोटोही दाखवला, २०१२ मध्ये एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आलेला. ट्रक ड्रायव्हर, वय ६९, २८ वर्षं ट्रक चालवला. डावा गाल आजोबांचा, उजवा त्यांच्या मुलाचा. काचेतून येणारं ऊन एकाच बाजूने खाऊन राहिलं होतं. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. घरी आल्याबरोबर मी ह्यांना ट्यूबलाईटखाली उभं केलं. हे रोज बुटीबोरीला कार घेऊन जातात. आणि खरं सांगते, उजवीकडून पाहिलं तर ह्यांचे काका वाटतात, डावीकडून पाहिलं तर मी लग्न केलं तो माणूस. मी सांगितलं की फोटो काढताना इकडून उभे राहत जा. झाले नाराज.

त्या रात्री हे स्वतःच मास्कबद्दल वाचत बसले, माझी चूक काढायला. तिथे सापडले ह्यांना बुडापेस्टचे डॉक्टर मेस्टर. १९६७ च्या सुमारास त्यांनी उंदरांवर लाल लेझर टाकला, ऑपरेशनसाठी उंदरांचे केस काढलेले, लेझर गाठ बरी करते का हे बघायचं होतं. गाठीचं काही झालं नाही. केस मात्र लवकर उगवले.

ह्यांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठे ठेवला तो डबा?" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्क ह्यांच्या डोक्यावर. नाकाचा उंचवटा मागे, डोळ्याची भोकं वर, दिव्यांची बाजू टकलावर, पट्टा हनुवटीखाली. मी म्हटलं, केसांसाठी वेगळ्या टोप्या मिळतात. म्हणे प्रकाश तोच ना. आणि शिस्त विचाराल तर काय शिस्त, जी मला एक आठवडा जमली नाही ती ह्यांनी पाळली. रोज रात्री बातम्यांच्या वेळी, १० मिनिटं, सिलिंडर येत नाही, नळ जात नाही, आईसुद्धा काही म्हणत नाहीत, उलट "पंखा लावू का रे?" विचारतात. मी स्कार्फ बांधायला लागली, सनस्क्रीन लावायला लागली, दोन बोटं भरून, आणि मास्कचा विषय सोडून दिला.

नंतर वर्धा रोडच्या एका लॉनवर पुतण्याचं लग्न होतं. मी सकाळपासून तयारीत. क्रीम, सनस्क्रीन, नवी पैठणी. कोणी काही बोललं नाही. एका मामींनी फक्त "थकल्यासारखी वाटते" म्हटलं. आणि ह्यांच्याभोवती गर्दी. "भाऊ, काय तब्येत!" "दहा वर्षांनी लहान दिसून राहिले!" "केस आले का बे तुझे?" केस जितके होते तितकेच होते. फक्त रविवारी सकाळी बाथरूमला आतून कडी लावून हे दहा रुपयाचं डायचं पाकीट लावतात, आणि रिकामं पाकीट पेपरात गुंडाळून डस्टबिनच्या तळाशी घालतात, हे घरात एकट्या मला माहीत आहे.

हे हात मागे बांधून अगदी गंभीर तोंडाने सांगून राहिले होते, "सहाशे तेहतीस नॅनोमीटर. रोज. न चुकता."

जिजाजी जवळ सरकले. त्यांचंही पुढून मैदान झालेलं आहे. ह्यांच्या कपाळाकडे टक लावून पाहत मला म्हणाले, "आमच्यासाठी पण मागवायचा का? कितीला पडते?"

मी म्हटलं, जिजाजी, महाग आहे, पण तुमच्या गादीएवढा नाही. आणि तिथल्या तिथे, वडाभाताच्या लाईनीत उभ्या उभ्याच, लिंक पाठवून दिली. मास्कची.