आपोआप

माशांच्या टाकीतलं पाणी उडून जातं यात नवल नाही. पण ते आवाज करत उडतं. पातळी बोटभर उतरली की फिल्टरची धार उंचावरून पडायला लागते आणि रात्री दोन वाजता कुणीतरी नळ उघडा टाकल्यासारखं वाटतं. माझी टाकी ६० बाय ३० सेंटिमीटरची. एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे १.८ लिटर गेलं.

"रोज तांब्याभर ओत की," आई म्हणाली.

इतकं सोपं उत्तर मला पटणं शक्यच नव्हतं. आपोआप पाणी भरणाऱ्या तयार यंत्रांच्या किमती बघितल्या आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (शिकलो मी कॉमर्स.)

पहिला प्रयोग फुकटातला. भरलेली बाटली उलटी करून तिचं तोंड बरोबर पाण्याच्या पातळीला बांधायचं. पातळी उतरली की तोंड उघडं पडतं, बुडबुडा आत जातो, तेवढंच पाणी बाहेर येतं. कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं याच तत्त्वावर चालतं. दोन दिवस मी बुडबुडे मोजत बसलो. तिसऱ्या दिवशी बाटलीवर ऊन आलं, आतली हवा फुगली आणि बाटलीने कुणी न मागता पाणी ओकलं.

मग बारा व्होल्टचा पंप आणि फ्लोट स्विच आणला. स्विचच्या तरंगत्या भागात चुंबक असतो. तो पाण्याबरोबर खाली आला की जोडणी होते आणि पंप सुरू. बादली मी कपाटावर ठेवली. वरून पाणी यायला पंपाला कमी कष्ट, असा दयाळू विचार. टाकी भरल्यावर स्विचने इमानाने पंप बंद केला. भरलेल्या नळीतून वरच्या बादलीतलं पाणी येतच राहिलं! सायफनला वीज लागत नाही, हे मला लादीवर घसरताना कळलं.

बादली खाली आणली. पण नळीचं टोक टाकीत बुडलेलंच होतं. त्यामुळे पंप थांबला की पाणी उलटं बादलीत उतरायचं, स्विच दचकायचा, पंप तेच पाणी पुन्हा वर चढवायचा. रात्रभर हीच देवाणघेवाण. सकाळी पाणी होतं तिथेच, पंप तेवढा तापलेला. शेवटी टोक पाण्याच्या दोन बोटं वर बांधलं. हवा शिरते, सायफन तुटतो. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन फडकी पिळून पिळून फाडली.

राहिली होती गोगलगाय. ती फिरत फिरत फ्लोटवर जाऊन बसली, तिच्या वजनाने फ्लोट बुडाला आणि पंपाला वाटलं दुष्काळ पडला. अख्खी बादली टाकीत, तिथून जमिनीवर. आईने फडकं उचललं.

"मी तांब्या म्हटलं होतं," एवढंच बोलली.

आता फ्लोटभोवती जाळी आहे. बादलीच्या जागी ३ लिटरचा डबा आहे, कारण काठापर्यंत दोन सेंटिमीटर, म्हणजे ३.६ लिटरची जागा असते. गोगलगायीने मनात आणलं तरी आता पूर येणार नाही. पाणी बदलायचं काम मात्र सुटलेलं नाही, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच साठतात. डबा एक दिवसाआड भरावा लागतो. तांब्याने.

धारेचा आवाज गेला. रात्री कधीतरी पंप थोडा वेळ गुणगुणतो आणि थांबतो. थांबला ना, हे बघायला मी उठतो.