मॉन्टेनेग्रो बुडालाही नाही, रिकामाही झाला नाही

गेली काही वर्षं एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं सार असं: बाल्कनमधल्या मॉन्टेनेग्रो या चिमुकल्या देशाने महामार्गासाठी चीनकडून कर्ज घेतलं, ते फिटेना म्हणून देश दिवाळखोर झाला, करारानुसार आता त्याची जमीन चीनच्या घशात जाणार आणि लोक देश सोडून पळत सुटले आहेत. यातल्या प्रत्येक दाव्यात खऱ्याचा एक कण आहे. तेवढ्यावरच तो पटतो आणि पुढे ढकलला जातो. कोल्हापूर शहराहून थोड्याच जास्त वस्तीच्या एका देशाला असं बुजगावणं करून उभं केलेलं मला फार खटकतं.

आधी रस्ता. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या बार बंदरापासून सर्बियाच्या सीमेवरच्या बोल्यारेपर्यंत जायचा हा महामार्ग. त्याचा पहिला टप्पा राजधानी पॉडगोरित्साजवळच्या स्मोकोवात्सपासून मातेशेवोपर्यंतचा, 41 किलोमीटरचा. जुलै 2022 मध्ये तो खुला झाला. तिथले लोक आपल्या देशाला ‘त्स्र्ना गोरा’ म्हणतात, म्हणजे काळा डोंगर, आणि या टप्प्यावर त्या नावाचा अर्थ कळतो. जुना रस्ता मोराचा नदीच्या घळीला चिकटून जातो, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी. नवा रस्ता बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो. त्यातला मोराचित्सा नदीवरचा पूल 960 मीटर लांब आणि जवळपास 200 मीटर उंच आहे. असा रस्ता स्वस्तात होत नाही. होणारी वाहतूक खर्चाच्या मानाने पुरेशी नाही, ही शंकाही काम सुरू होण्याआधीपासून घेतली जात होती. तरीही तिथल्या सरकारने 2014 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून 94 कोटी 40 लाख डॉलर घेतले: 2 टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत, पहिली 6 वर्षं मुद्दल फेडायची नाही, फक्त व्याज भरायचं.

खरी चूक त्या ‘डॉलर’ शब्दात आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तिचाच उल्लेख नसतो. मॉन्टेनेग्रोला स्वतःचं चलन नाही. 1999 पासून तिथे जर्मन मार्क चालत होता, 2002 पासून युरो चालतो, तोही युरोपीय संघाचा सदस्य नसताना. देशाची सगळी कमाई युरोत होते. कंत्राटही युरोतच होतं, सुमारे 80 कोटी 90 लाखांचं, आणि त्याचा 85 टक्के भाग या कर्जातून यायचा होता. कर्ज मात्र डॉलरमध्ये. तेव्हा एका युरोला साधारण 1.37 डॉलर मिळत, म्हणजे ते कर्ज जवळपास 69 कोटी युरोंचं. युरो 1.10 डॉलरवर घसरला की तेच कर्ज 86 कोटींच्या घरात जातं. रस्त्यात एक इंचाची भर न पडता! दराच्या या चढउतारापासून संरक्षण घ्यायला हवं होतं, ते वेळेवर घेतलं गेलं नाही. हा सापळा बाहेरच्या कुणी लावला नव्हता, हा पॉडगोरित्सातल्या सरकारचा निष्काळजीपणा होता. सगळं खापर चीनवर फोडलं की सह्या करणारे अलगद सुटतात. करारातली कागदपत्रं गुपित ठेवली म्हणून तिथल्याच ‘मान्स’ या संस्थेने सरकारशी भांडण मांडलं होतं. त्या भांडणाबद्दल फॉरवर्डमध्ये अक्षर नसतं.

आता दिवाळखोरी. 2020 मध्ये देशाचं सार्वजनिक कर्ज सकल उत्पादनाच्या 105 टक्क्यांच्या आसपास गेलं, हे खरं. पण ते वर्ष कोणतं होतं? पर्यटनावर सुमारे पाव अर्थव्यवस्था उभी असलेल्या देशात कोरोनाचा उन्हाळा आला. कोटोर आणि बुडवा ही किनाऱ्यावरची पर्यटनाची शहरं ओस पडली, अर्थव्यवस्था एका वर्षात 15 टक्क्यांहून जास्त आकसली. भागाकारातला खालचा आकडा खचला की टक्केवारी फुगणारच. त्यात सरकारने डिसेंबर 2020 मध्ये 75 कोटी युरोंचे रोखेही विकले. एकूण कर्जात चीनचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आतच होता. पर्यटक परतले आणि 2023 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास उतरलं. महामार्गाच्या कर्जाचा पहिला हप्ता जुलै 2021 मध्ये भरला गेला. त्याच महिन्यात चार पाश्चात्त्य बँकांशी करार करून हे ओझं डॉलरमधून युरोत वळवण्यात आलं आणि व्याज 2 वरून 0.88 टक्क्यांवर आलं. हे काम करणारे तेव्हाचे अर्थमंत्री मिलोय्को स्पायिच 2023 मध्ये पंतप्रधान झाले.

जमिनीचा मुद्दा सर्वांत जास्त घाबरवतो. करारात वादाचा निवाडा बीजिंगच्या लवादापुढे होईल असं कलम आहे, आणि मालमत्तेवरची सार्वभौम सूट, म्हणजे देशाच्या मालमत्तेला परक्या जप्तीपासून मिळणारं संरक्षण, सोडल्याचंही. लष्करी आणि राजनैतिक मालमत्ता त्यातून वगळली आहे. कलम कडक आहे आणि माझ्या मते कुठल्याही सरकारने ते मान्य करू नये. पण याचा अर्थ एखादा डोंगर किंवा बंदर गहाण पडलं असा होत नाही. कर्ज थकलं, लवादाने निकाल दिला, तरच वसुलीचा प्रश्न येतो. सरकारं परदेशात रोखे विकतात तेव्हाही सार्वभौम सूट सोडण्याची कलमं सर्रास असतात.

राहिली लोकसंख्या. 2011 च्या जनगणनेत 6,20,029 माणसं होती, 2023 च्या जनगणनेत 6,23,633. म्हणजे आकडा घटलेला नाही, किंचित वाढला आहे. त्यावरून सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. 2022 नंतर रशिया, युक्रेन आणि तुर्कस्तानातून बरेच लोक येऊन राहिले, त्यांनी ही बेरीज सावरली. जन्म कमी होताहेत. देशाच्या आत माणसं उत्तरेकडून किनाऱ्याकडे आणि राजधानीकडे सरकताहेत.

उत्तरेकडचं प्लेव्ह्ल्या पाहा. 2011 मध्ये त्या पालिकेच्या हद्दीत 30,786 लोक होते, 2023 मध्ये 24 हजारांच्या आसपास उरले. डोंगरांच्या वाडग्यात बसलेलं गाव, कोळशाची खाण, आणि देशाच्या विजेचा मोठा भाग देणारं औष्णिक केंद्र. हिवाळ्यात घराघरातल्या शेगड्यांचा आणि केंद्राचा धूर त्या वाडग्यात कोंडून राहतो. युरोपीय संघात जायचं तर कोळसा आज ना उद्या थांबवावा लागणार, आणि तेव्हा खाणीवरच्या घरांचं काय, हे तिथल्या तरुणाला कुणी नीट सांगितलेलं नाही. तो गाव सोडतो ते यामुळे, एक्झिम बँकेच्या हप्त्यामुळे नव्हे. ज्या महामार्गावरून एवढा गदारोळ चालला आहे, तो पूर्ण झाला तरी प्लेव्ह्ल्यातून जाणार नाही.